तिसऱ्या अपराधाची शिक्षा

शिक्षा भोगून मनुष्य तुरुंगाबाहेर पडला म्हणजे त्याचें देणें फिटलें, असें मानावें काय? सावकाराच्या वहींत फिटलेल्या कर्जावर रेघ ओढली जाते. पुढें तोच कुळवाडी नवें कर्ज काढावयास आला तर जुन्या कर्जाचें व्याज त्याच्यापाशीं पुन्हां कोणी मागत नाहीं. न्यायाच्या वहीचा हिशेब मात्र इतका सरळ नाहीं. तोच मनुष्य तोच अपराध पुन्हां करून न्यायासनापुढें उभा राहिला, म्हणजे त्याच्या पहिल्या अपराधाची आठवण झाल्यावांचून न्यायाधीशाला राहवत नाहीं. म्हातारी मेल्याचें दुःख नसतें, काळ सोकावतो, हें सर्व देशांच्या दंडनीतीनें मान्य केलेलें आहे. प्रश्न उरतो तो एवढाच, कीं सोकावलेल्या काळाला आवर घालतांना शिक्षेचें माप न्यायाधीशाच्या हातीं द्यावें, कीं नुसत्या गणिताच्या? या प्रश्नाचा सर्वांत मोठा प्रयोग अमेरिकेंत झाला. आणि त्याची किंमत ज्यांनीं मोजली त्यांत क्रूर दरोडेखोर होते, तसेच पिझ्झाचा एक तुकडा उचलणारेहि होते.

कल्पना अर्वाचीन नव्हे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत गांठ कापून द्रव्य लांबविणाऱ्या चोरासाठीं शिक्षेच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत: पहिल्या वेळीं बोटें तोडावीं, दुसऱ्या वेळीं हात व पाय, आणि तिसऱ्या वेळीं वध करावा. हिंदुस्थानांत इंग्रजी अमलांत १८६० सालीं झालेल्या पीनल कोडाच्या ७५ व्या कलमानेंहि पूर्वशिक्षेची दखल घेतली. खोटीं नाणीं पाडणें, चोरी, दरोडा, फसवणूक अशा वर्गांतील मोठ्या गुन्ह्याबद्दल एकदां शिक्षा झालेला इसम पुन्हां तशाच गुन्ह्यांत दोषी ठरला, तर त्याला दहा वर्षांपर्यंत कैद किंवा जन्मठेप देतां येईल, असें या कलमाचें रूढ झालेलें स्वरूप होतें. १ जुलै २०२४ पासून पीनल कोडाची जागा भारतीय न्याय संहितेनें घेतली; तींतील १३ व्या कलमानें ही तरतूद पुढें चालविली आहे. तिच्यांतील एक बारकावा ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. शिक्षेची कमाल मर्यादा ती वाढविते. किमान मर्यादेला हात लावीत नाहीं. समोरचा मनुष्य पाहून आणि त्याचा गुन्हा तोलून सौम्य शिक्षा देण्याचा न्यायाधीशाचा अधिकार त्यामुळें शाबूत राहतो. अमेरिकेंतील कायद्यांनीं नेमकें येथेंच वेगळें वळण घेतलें.

तेथील कायद्यांत गुन्ह्यांचे ढोबळ मानानें दोन वर्ग आहेत. किरकोळ गुन्ह्याला मिस्डिमीनर म्हणतात, आणि ज्याला एक वर्षाहून अधिक कैद होऊं शकते अशा भारी गुन्ह्याला बहुधा फेलनी म्हणतात. खून फेलनींत मोडतो. परंतु खोटा धनादेश वटविणें हीहि पुष्कळ ठिकाणीं फेलनीच असते. एका शब्दाखालीं इतक्या भिन्न तोलामापाचीं कृत्यें एकत्र नांदतात, ही गोष्ट पुढील सर्व इतिहासाची किल्ली आहे.

१९२० सालीं अमेरिकेंत दारूबंदी अमलांत आली. चोरट्या दारूच्या व्यापारावर टोळ्या पोसल्या गेल्या. मोटारींतून येऊन दरोडा घालावा आणि मोटारींतूनच पसार व्हावें, अशा गुन्ह्यांनीं मोठीं शहरें भयभीत झालीं. न्यायाधीश फार मऊ झाले आहेत, अशी ओरड वर्तमानपत्रांतून होऊं लागली. न्यूयॉर्क राज्याच्या विधिमंडळांतील सेनेटर केलब बॉम्झ यांच्या पुढाकारानें १९२६ सालीं कायदे झाले व ते त्यांच्याच नांवानें प्रसिद्धीस आले. त्यांतील सर्वांत जरबेचें कलम असें होतें: चौथी फेलनी शाबीत झाली कीं जन्मठेप दिलीच पाहिजे. 'देतां येईल' नव्हे, तर 'दिलीच पाहिजे'. शिक्षा ठोठावल्यावर आरोपीचा पूर्वेतिहास उघडकीस आला, तरी त्याला परत कोर्टापुढें आणून वाढीव शिक्षा द्यावी, अशीहि सोय होती. न्यायाधीशाचें काम एवढेंच राहिलें, कीं आधींच्या शिक्षा मोजाव्या आणि बेरीज चार झाली कीं दार कायमचें बंद करावें.

इतर राज्यांनीं हा कित्ता गिरविला, आणि त्याचा अर्थ काय होतो हें मिशिगन राज्यांत लवकरच दिसून आलें. १९२८ च्या डिसेंबरांत लॅन्सिंग शहरांतील दहा मुलांच्या एका आईला जन्मठेपेची शिक्षा झाली. तिनें कोणाच्या अंगाला बोट लावलें नव्हतें. चोरून थोडीशी दारू विकली होती. परंतु दारूबंदीच्या कायद्याखालचा तो तिचा चौथा गुन्हा होता, आणि त्या राज्यांत तो फेलनी ठरत होता. टोळीवाल्यांसाठीं विणलेल्या जाळ्यांत ही बाई अडकली. देशभर गहजब झाला. पुढें तिची सुटका झाली. पण जाळ्याचीं भोकें किती लहान आहेत, हें सर्वांना कळून चुकलें.

तुरुंगांच्या आंत या कायद्यांचा दुसराच परिणाम होत होता. वर्तणूक चांगली ठेवली तर चार दिवस आधीं सुटका होईल, या आशेवर कैदी शिस्त पाळतो. ज्याला सुटण्याची आशाच उरली नाहीं, त्यानें शिस्त कशासाठीं पाळावी? १९२९ च्या जुलैंत न्यूयॉर्क राज्यांतील क्लिंटन आणि ऑबर्न या दोन्ही तुरुंगांत मोठे दंगे झाले, आणि डिसेंबरांत ऑबर्न पुन्हां पेटलें. गर्दी, निकृष्ट अन्न इत्यादि कारणें होतींच. त्यांच्या जोडीला बॉम्झ कायद्यांकडेहि बोट दाखविलें गेलें. १९३२ सालीं सक्तीच्या जन्मठेपेचें तें कलम सैल करण्यांत आलें. सहा वर्षांत चाकाचा एक फेरा पुरा झाला: भय, कठोर कायदा, नको तें सावज, आणि माघार.

ओक्लाहोमा राज्यानें तर याहिपेक्षां भयंकर पाऊल टाकिलें. गुन्हेगारी वृत्ति रक्तांतून उतरते, अशी त्या काळीं अनेक शिकलेल्या माणसांची समजूत होती. १९३५ च्या तेथील कायद्यानें तीनदां फेलनी केलेल्या 'सराईत' गुन्हेगाराला शस्त्रक्रियेनें संतति होऊं नये असें करण्याचा अधिकार सरकारला दिला. स्किनर नांवाच्या कैद्याला १९२६ सालीं कोंबड्या चोरल्याबद्दल आणि पुढें १९२९ व १९३४ सालीं शस्त्राच्या धाकानें लुटल्याबद्दल शिक्षा झाल्या होत्या. त्याच्यावर ही शस्त्रक्रिया करावी असा हुकूम झाला. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें आणि १ जून १९४२ रोजीं तो कायदा रद्द ठरला. न्यायमूर्ति डग्लस यांनीं कायद्यांतील एक विसंगति उघडी केली. कोंबड्या चोरणारा या कायद्याच्या तावडींत सांपडत होता. पण धन्याच्या पेढीवर विश्वासानें बसून पैशाची अफरातफर करणारा कारकून कायद्यानें मुद्दाम वगळला होता. दोघांनीं सारखीच रक्कम लांबविली, तरी एकाचा वंश खुंटावा आणि दुसऱ्याचा चालावा! गुन्ह्यांची नुसती मोजदाद केली म्हणजे निःपक्षपात होतो, हा समज किती पोकळ आहे तें या निकालानें दाखविलें. कोणता गुन्हा मोजावयाचा आणि कोणता नाहीं, हें आधींच कोणीतरी ठरविलेलें असतें.

परंतु वाढीव कैदेच्या कायद्यांना त्या न्यायालयानें बहुधा अभयच दिलें. टेक्सास राज्यांतील रमेल याच्या खटल्याचे आंकडे पाहण्यासारखे आहेत. १९६४ सालीं दुसऱ्याच्या क्रेडिट कार्डावर ८० डॉलरची फसवणूक. १९६९ सालीं २८ डॉलर ३६ सेंटांचा खोटा धनादेश. १९७३ सालीं वातानुकूलन यंत्र दुरुस्त करून देतों असें सांगून उकळलेले १२० डॉलर ७५ सेंट. तिन्ही मिळून रक्कम २३० डॉलरहि भरत नाहीं. तिसरा गुन्हा म्हणून जन्मठेप झाली, आणि १९८० सालीं सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध चार मतांनीं ती कायम केली. शिक्षा किती असावी हें ठरविणें विधिमंडळाचें काम आहे, असें बहुमत म्हणालें. वकिलानें नीट बचाव केला नाहीं या निराळ्याच मुद्द्यावर त्या कैद्याची त्याच वर्षीं सुटका झाली. १९८३ सालीं दक्षिण डाकोटाच्या हेल्म खटल्यांत मात्र न्यायालयानें उलट कौल दिला. शंभर डॉलरच्या खोट्या धनादेशाबद्दल, सातवी फेलनी म्हणून, कधींहि न सुटणारी जन्मठेप देणें घटनेविरुद्ध ठरलें. हा निकालहि पांच विरुद्ध चार असाच होता. एका मताच्या पारड्यावर माणसाचें आयुष्य इकडून तिकडे झुकत होतें.

या इतिहासाचें सर्वांत मोठें प्रकरण कॅलिफोर्नियांत घडलें. १९९२ च्या जूनमध्यें फ्रेस्नो शहरांत माइक रेनल्ड्स नांवाच्या छायाचित्रकाराच्या अठरा वर्षांच्या मुलीची, तिच्या हातांतील पिशवी हिसकावतांना, गोळी घालून हत्या झाली. हल्लेखोर पूर्वीं शिक्षा भोगलेले होते. शोकाकुल पित्यानें कांहीं कायदेपंडित जमवून सराईत गुन्हेगारांविरुद्ध एका कायद्याचा मसुदा सिद्ध केला. १९९३ सालीं विधिमंडळाच्या समितीनें तो फेटाळला, म्हणून त्यानें मतदारांच्या सह्या गोळा करण्यास आरंभ केला. इतक्यांत १ ऑक्टोबर १९९३ च्या रात्रीं पेटालुमा गांवीं पॉली क्लास ही बारा वर्षांची मुलगी तिच्या घरांतून पळविली गेली. दोन महिन्यांनीं तिचें प्रेत सांपडलें. मारेकरी अनेकवार शिक्षा झालेला आणि त्याच वर्षीं पॅरोलवर सुटलेला होता. ज्या मनुष्याला कोंडून ठेवणें शक्य होतें त्याला सोडलें, आणि त्याची किंमत एका निष्पाप मुलीनें दिली, हा विचार घरोघर जाऊन भिडला. त्या संतापांत असत्य कांहींच नव्हतें.

बेसबॉलच्या खेळांत फलंदाजाचा तीनदां चेंडू हुकला म्हणजे तो बाद होतो. तीच भाषा घेऊन 'थ्री स्ट्राइक्स', म्हणजे 'तीन चुका कीं बाद', अशी घोषणा निघाली. वॉशिंग्टन राज्याच्या मतदारांनीं या नांवाचा कायदा १९९३ च्या नोव्हेंबरांतच मंजूर केला होता. कॅलिफोर्नियांत ७ मार्च १९९४ रोजीं गव्हर्नर पीट विल्सन यांनीं सही केली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत मतदारांनीं सुमारे ७२ टक्के मतांनीं त्यावर शिक्कामोर्तब केलें. त्याच साली केंद्र सरकारनेंहि असा कायदा केला, आणि एकामागून एक सुमारे निम्म्या राज्यांनीं तोच मार्ग धरिला.

कॅलिफोर्नियाचा कायदा या सर्वांत कडक होता. पहिले दोन गुन्हे 'गंभीर अथवा हिंसक' असले पाहिजेत, अशी त्यांत अट होती. तिसऱ्यासाठीं ती नव्हती. तिसरा गुन्हा कोणतीहि फेलनी असली तरी शिक्षा किमान पंचवीस वर्षें आणि कमाल जन्मठेप. दुसऱ्या गुन्ह्याला नेहमींच्या दुप्पट. शिवाय पूर्वीं चोरीची शिक्षा झालेल्या मनुष्याची किरकोळ चोरीसुद्धां तेथें फेलनी म्हणून चालवितां येत असे. या दोन नियमांच्या फटींत सर्व अनर्थ दडला होता. तो प्रथम ओळखणाऱ्यांत पॉलीचे वडील आणि आजोबा होते. ज्या कायद्याला त्यांच्या घरच्या दुःखाचें बळ मिळालें, त्याचा मजकूर नीट पाहिल्यावर त्या दोघांनीं १९९४ सालीं त्याला उघड विरोध केला. दोन पिते, दोघांच्याहि मुली मारल्या गेलेल्या, एकाच कायद्याच्या दोन बाजूंना उभे राहिले.

पुढें काय झालें तें न्यायालयांच्या दप्तरांत नमूद आहे. १९९४ सालीं समुद्रकांठच्या रेडोंडो बीच येथें एका तरुणानें मुलांच्या घोळक्यापुढचा पिझ्झाचा एक तुकडा उचलला. त्याला पंचवीस वर्षें ते जन्मठेप झाली. १९९६ सालीं कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानें रोमेरो खटल्यांत, न्यायहितासाठीं जुना एखादा गुन्हा मोजणींतून वगळण्याचा अधिकार न्यायाधीशांना आहे असें ठरविलें. त्यानंतर या तरुणाची शिक्षा सहा वर्षांवर आली. पण सर्वांनाच असा न्यायाधीश भेटला नाहीं. आंद्रादे नांवाच्या माजी सैनिकानें १९९५ सालीं दोन दुकानांतून लहान मुलांच्या चित्रपटांच्या एकूण नऊ व्हिडिओफिती चोरल्या. किंमत सुमारे १५३ डॉलर. तो अफूजन्य हेरॉइनच्या व्यसनांत सांपडलेला होता, आणि बारा वर्षांपूर्वींच्या घरफोड्या त्याच्या नांवावर होत्या. दोन दुकानें म्हणजे दोन गुन्हे. दोहोंची मिळून शिक्षा पन्नास वर्षें ते जन्मठेप. सुटकेचा विचार प्रथम व्हावयाचा तेव्हां त्याचें वय ८७ झालें असतें. युइंग नांवाच्या दुसऱ्या एकानें २००० सालीं गोल्फच्या तीन काठ्या विजारींत लपवून नेण्याचा प्रयत्न केला. प्रत्येकीची किंमत ३९९ डॉलर. लंगडत चालतांना तो पकडला गेला. त्याचा पूर्वेतिहास निरुपद्रवी नव्हता. चाकूचा धाक दाखवून केलेली लूट त्यांत होती. त्याला पंचवीस वर्षें ते जन्मठेप झाली. ५ मार्च २००३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें दोन्ही शिक्षा कायम केल्या, आणि दोन्ही वेळां मतें पुन्हां पांच विरुद्ध चार अशींच पडलीं. न्यायमूर्ति ओकॉनर यांचें म्हणणें असें, कीं शिक्षा केवळ तीन काठ्यांची नव्हे. वारंवार कायदा मोडणाऱ्यापासून समाजाचें रक्षण कसें करावें, हें राज्यानेंच ठरवावयाचें आहे. उलट, गुन्हा आणि शिक्षा यांच्यांत कांहीं तरी प्रमाण उरलें पाहिजे, असें अल्पमतांतील न्यायमूर्तींनीं बजावलें.

कायद्याचा उपयोग मुळींच झाला नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. हेलंड व टॅबरॉक या अर्थशास्त्रज्ञांनीं २००७ सालीं असें दाखविलें, कीं ज्यांच्या नांवावर आधींच दोन गुन्हे होते अशांमध्यें फेलनीबद्दल अटक होण्याचें प्रमाण या धाकानें १७ ते २० टक्क्यांनीं घटलें. दुसरीकडे, कॅलिफोर्नियांतील हिंसक गुन्हे कायद्यापूर्वींच उतरणीस लागले होते, आणि असा कायदा नसलेल्या राज्यांतहि ते तसेच उतरले. फ्रँकलिन झिमरिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००१ च्या ग्रंथानेंहि गुन्ह्यांच्या घटीचें श्रेय या कायद्याला देण्याचें नाकारलें. शिवाय वयाचा प्रश्न होताच. चोरी-दरोडे हें मुख्यतः तरुणांचें काम. साठीच्या पुढें हात आपोआप थकतो. ज्या वयांत मनुष्य समाजाला भयप्रद उरत नाहीं, नेमक्या त्याच वयांत त्याला औषधोपचारांसह सांभाळण्याचा खर्च सरकारवर येऊन पडला. राज्याच्या तुरुंगांत जागेच्या जवळजवळ दुप्पट माणसें कोंडलेलीं होतीं. इतर अनेक कारणांबरोबर लांबलचक शिक्षाहि त्याच्या मुळाशीं होत्या. २०११ सालीं सर्वोच्च न्यायालयाला ही गर्दी कमी करण्याचा हुकूम कायम करावा लागला.

जनमतहि पालटत होतें. २००४ सालीं कायदा सौम्य करण्याची सूचना थोडक्या मतांनीं पडली. लॉस एंजलिसचे मुख्य सरकारी वकील स्टीव्ह कूली यांनीं मात्र किरकोळ तिसऱ्या गुन्ह्यासाठीं जन्मठेप न मागण्याचें धोरण आधींच अवलंबिलें होतें. म्हणजे एकाच राज्यांत, एकाच गुन्ह्याला, या जिल्ह्यांत जन्मठेप आणि त्या जिल्ह्यांत साधी कैद! न्यायाधीशाच्या मर्जीवर अविश्वास दाखवून केलेला कायदा शेवटीं सरकारी वकिलाच्या मर्जीवर येऊन ठेपला. २०१२ च्या नोव्हेंबरांत ३६ व्या क्रमांकाचा प्रस्ताव सुमारे ६९ टक्के मतांनीं मंजूर झाला: यापुढें, कांहीं अपवाद सोडून, तिसरा गुन्हाहि गंभीर अथवा हिंसक असला तरच जन्मठेप. आधींच्या कैद्यांनाहि शिक्षा कमी करण्यासाठीं अर्ज करण्याची मुभा मिळाली, आणि पहिल्या वर्षाच्या आंतच हजाराहून अधिक माणसें घरीं परतलीं.

एवढ्यानें गोष्ट संपली नाहीं. दुकानांतील चोऱ्यांनीं त्रस्त झालेल्या त्याच राज्याच्या मतदारांनीं २०२४ च्या नोव्हेंबरांत दुसरा एक प्रस्ताव सुमारे ६८ टक्के मतांनीं मंजूर केला. त्याचाहि क्रमांक योगायोगानें ३६ च होता. पूर्वीं दोनदां चोरीची शिक्षा झालेल्या मनुष्यानें किरकोळ वस्तु चोरली, तरी त्याच्यावर फेलनीचा आरोप ठेवतां यावा, अशी त्यांत तरतूद आहे. जन्मठेप त्यांत नाहीं. परंतु तिसऱ्या अपराधाची मोजणी पुन्हां सुरू झाली आहे.

या शंभर वर्षांच्या हकीकतींत कायदा करणारे दुष्ट नव्हते. रेनल्ड्स यांचें दुःख खरें होतें, आणि मोकाट सुटलेल्या नराधमांपासून लेकरांचें रक्षण करा ही मागणीहि रास्त होती. चूक झाली ती एका ठिकाणीं. सर्वांत क्रूर गुन्हेगार डोळ्यांपुढें ठेवून कायदा लिहिला गेला, आणि तो ज्यांना लागूं व्हावयाचा त्यांना पाहण्याची मुभा न्यायाधीशाकडून काढून घेतली गेली. सुक्याबरोबर ओलें जळतें, तें असें. मनुष्याचा पूर्वेतिहास न्यायाधीशानें अवश्य वाचावा. त्यांत सराईत क्रौर्य दिसलें तर दीर्घ शिक्षाहि द्यावी. त्यासाठीं कमाल मर्यादा वाढविणें पुरतें. किमान मर्यादा वाढवून त्याचे हात बांधले, म्हणजे वाचन थांबतें आणि मोजणी सुरू होते. आणि मोजणीला नऊ व्हिडिओफिती व एक खून यांतील अंतर दिसत नाहीं. तिला फक्त तीनाचा आंकडा दिसतो.